कोबीच्या पिंपाचं पाणी

बर्लाद शहरात एकतीस वर्षं बस चालवलेला तनासे म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. निवृत्तीनंतर त्याला दोनच नाद उरले: जुनी लाल गाडी पुसत बसणं आणि हिवाळ्यासाठी पिंपभर कोबी मिठाच्या पाण्यात आंबवणं. त्या कोबीचं साऱ्या इमारतीत नाव होतं. बाकी त्याचं कौतुक करावं असं फारसं काही नव्हतं.

तळमजल्यावरच्या व्हिओरिकानं इमारतीमागे बाग फुलवली होती. काठी रोवली तरी पालवी फुटावी असा तिचा हातगुण. चार वर्षांपूर्वी तिनं कुंपण दोन हात पुढे सरकवलं आणि तनासेच्या गाडीची जागा गेली. तोंडावर भांडायची याची छाती नव्हती. मार्चमध्ये पिंप रिकामं करताना त्यानं ते खारट पाणी पहाटे गुपचूप बागेच्या त्या वाढवलेल्या कोपऱ्यात ओतलं. त्या दिवसांत सगळ्याच बाल्कन्यांतून आंबलेल्या कोबीचा वास येतो; कोण कुणाला विचारणार? पुढच्या मार्चमध्येही ओतलं, आणि त्याच्या पुढच्याही.

कोपऱ्यात काही जगेना. आधी गुलाब गेले, मग कांद्याची पातसुद्धा. एकदा व्हिओरिका आपलेच तळवे उलटेसुलटे करून पाहत होती.

"तनासे, माझा हातगुण गेला रे."

"वय झालं, दुसरं काय," असं म्हणून तो जिना चढून वर आला.

गेल्या वसंतात ती अचानक गेली. बाग तिच्या नावानं राखायची असं शेजाऱ्यांनी ठरवलं. वर्षाचा दुखवटा संपला तशी तिची मुलगी इलिंका लग्नाला उभी राहिली. थाटमाट नाही: नगरभवनात सह्या, मग बागेत तीस माणसांचं जेवण, आणि आहेराऐवजी प्रत्येकानं एक रोप आणायचं.

"तनासेकाका, तुमच्या कोबीशिवाय माझं लग्न लागायचं नाही," ती म्हणाली होती. त्यानं पिंपातले उरलेले चांगले गड्डे निवडून दिले. त्यांच्या पानांत खिमा आणि भात भरून वळकट्या शिजल्या. जेवताना जो तो त्याचीच वाहवा करत होता.

"काका, कोबीएवढं बायकोला जपलं असतंत तर ती माहेरी पळाली नसती!" शेजारची फनिका ओरडली. सगळे हसले. तनासेच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला.

जेवणं झाल्यावर इलिंका नवऱ्याबरोबर चेरीचं रोप घेऊन नेमकी त्याच कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"आईला इथं काही जगवता आलं नाही. आमचं लग्नाचं झाड इथंच लावू, म्हणजे तिला बरं वाटेल." मग तिनं आईची पत्र्याची झारी तनासेपुढे धरली. "काका, ही आईच्या नावानं तुम्हाला. रोज पाणी तुम्हीच घाला."

मेलेल्याच्या नावानं दिलेली वस्तू घेताना 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं असतं. तरच ती त्या जगात पोचते. तनासेनं हात पुढे केले. शब्द काही फुटेना. हे झाड महिन्याभरात वाळेल, आणि ही पोर त्याला अपशकुन समजून जन्मभर झुरेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"इथं नको लावू," तो म्हणाला. "इथं मीठ आहे. पिंपाचं पाणी मी ओतत होतो. तीन वर्षं. गाडीच्या जागेपायी."

फनिकानं हातातला पेला खाली ठेवला. शरमेनं त्याचे कान तापले.

"आई शेवटी घरातल्या कुंड्यांनाही हात लावत नव्हती," इलिंका हळू आवाजात म्हणाली. "मला म्हणाली, 'तुझ्या लग्नाचं झाड दुसऱ्या कुणाकडून लावून घे. माझा हात लागला तर मरेल.'"

तनासेनं झारीवरचे हात मागे घेतले. तिनं ती पुन्हा पुढे केली.

"घ्या. मी आईच्या नावानं दिली आहे, परत घेता येत नाही. आणि म्हणा."

दोन हात जागा सोडली, तर क्षमा करावी असं व्हिओरिकानं काहीच केलं नव्हतं. पण रीत होती, आणि तीस माणसं ऐकत होती.

"देव तिला क्षमा करो," तनासे म्हणाला, आणि त्याला मान वर करता येईना.