फेरीबोटीवर उलटी चढवलेली गाडी

एकसष्टाव्या वर्षी मी प्रेमात पडले. स्वतःच्याच नवऱ्याच्या. हसा, खुशाल हसा. आता सत्तरी ओलांडल्यावर मीही त्या बाईला हसते. तिच्या डोक्यावर कुणीतरी गार पाण्याचा तांब्या ओतायला हवा होता.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. तीस वर्षं तोरणमाळचा घाट, धडगावचा घाट, आणि गाडीला एक ओरखडा नाही. बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते ना, तशी आमच्या म्हसावदच्या घरात लावलेली नव्हती, एवढंच. मी बोलायची, ते जेवायचे. मी विचारायची, ते हात धुवायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी चारचाकी घेतली आणि एका थंडीत म्हणाले, "चाल, तुले समिंदर दखाडसू."

पोरगा म्हणाला, "बाबा, रेल्वेनं जा. एवढं लांब कशाला गाडी ताणता?" त्यावर यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गपचूप चहा प्यायला लागला.

कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या रस्त्याला लागलो आणि चमत्कार झाला. हे म्हणाले, "बोल ना वं. चूप कसाले बठनी? पुढे काय दिखस ते सांगत ऱ्हाय."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विचारलं होतं, तुला काय दिसतं. मग काय, माझी टकळी सुरू. समुद्र कसा ताणून वाळत घातलेल्या लुगड्यासारखा दिसतो, सुरूची झाडं कशी एका बाजूला कलली आहेत. हे म्हणायचे, "समिंदर ऱ्हावू दे. रस्तावर काय शे ते सांग."

"डावीकडे वळण शे. पुढे पूल. बारीक शे. म्हैस उभी शे पुलावर."

"कोणती बाजूले?"

"डावीकडे."

मला वाटलं, ड्रायव्हर तो ड्रायव्हरच, याचं प्रेमसुद्धा रस्त्याच्या मापाचं. गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले मागे टाकून जायचे. मला वाटलं, माझ्यासाठी रेंगाळताहेत. ऊन कलायला लागलं की, "आते मुक्काम," म्हणून जे पहिलं गाव लागेल तिथं थांबायचे. मला वाटलं, सूर्यास्त बघायला. मी खोलीच्या ओट्यावर नवी साडी नेसून बसायची. बहिणीला फोन करून मी सांगितलंसुद्धा, "बाई, हाऊ माणूस बदली गया."

ती म्हणाली, "समिंदरनी हवा लागनी आसीन. आवर घाल, सुना हसतीन."

चौथ्या दिवशी एका खाडीशी आलो. पलीकडचा रस्ता धरायचा तर गाडी फेरीबोटीवर घालून न्यायची. बोटीला एकाच बाजूनं, धक्क्यावर टेकवायचा लोखंडी फळा. म्हणून गाडी उलटी चढवायची, म्हणजे पलीकडे सरळ उतरते. बोटीवरचा खलाशी माझ्या खिडकीशी आला. "मावशी, तुम्ही खाली उतरा. गाडीत फक्त डायवर."

मी उतरले. त्या अख्ख्या प्रवासात यांच्या शेजारून मी पहिल्यांदाच उठले होते.

मी धक्क्यावर उभी राहून ऐटीत बघत होते. आजूबाजूच्या बायकांना सांगावंसं वाटत होतं, बघा आता, तोरणमाळच्या घाटातून बस उतरवलेला माणूस आहे. खलाशी मागे उभा राहून हात हलवत होता. "येऊ द्या, येऊ द्या... काका, डावीकडे तोडा. डावीकडे! अहो, हात दिसत नाय का माझा? थांबा, थांबा, थांबा!"

गाडी उजवीकडेच जात राहिली. त्यानं धावत येऊन डिकीवर थाप मारली तेव्हा ती थांबली. मागचं चाक फळ्याच्या अगदी कडेला होतं, अर्धं बाहेर. खाली हिरवं पाणी.

हे खिडकीतून मान बाहेर काढून खलाशाकडे बघत होते. म्हणजे, तोंड त्याच्याकडे होतं. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि यांची नजर त्याला शोधत होती.

शेवटी खलाशानं चाकाशी चालत, ओरडून ओरडून, वीतवीतभर गाडी आत घेतली. कुणीतरी हसलं. मीही चढले, बोट सुटली. हे उतरले, गाडीला हात लावत लावत कठड्यापर्यंत आले आणि म्हणाले, "हाऊ रांडना गोंधळ भलता करस. भारी शे ना पानी?"

माझ्या अंगात लहानपणापासून एक खोडी आहे. खरं काय ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही. डाव्या हाताला नुसती खारफुटीची झाडं होती. मी म्हटलं, "आहो, ते दखा, डावीकडे. काठवर सफेद घोडा!"

यांनी मान वळवली. थोडा वेळ बघितलं.

"हा, दिखना. चांगला उंच शे."

त्यांचा दंड धरून मी उभी राहिले. एकसष्ट वर्षांची ती नवी नवरी तिथंच, खाडीच्या मध्यावर मेली. मला आठवला पुलावरचा म्हशीचा काळा डोळा, माझ्या काचेपासून हातभर अंतरावर.

"किती दिवसपाई दिखत नही तुमले?"

"दिखस. बाजूनं कमी दिखस, इतलंच."

"चाबी द्या."

"गाडी मन्ही शे. मीच काढसू." बोलताना त्यांनी मूठ खिशात घातली आणि तिथंच ठेवली.

पलीकडचा धक्का जवळ येत होता. वर चढत जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी माणसं, कडेला मासळीच्या टोपल्या, टोपल्यांमागे बसलेल्या बाया. यांना भांडून ऐकवणं या जन्मात कुणाला जमलेलं नव्हतं. मी मटकन खाली बसले. छाती धरली. "आहो, छातीम्हा कसंतरी व्हई ऱ्हायनं."

नाटकातली कामं मी कधी केली नाहीत, पण त्या दिवशी डोळे असे फिरवले की खलाशी ओरडतच आला. "काका, तुम्ही मावशीला धरून मागे बसा. चावी द्या, मी काढतो गाडी."

यांनी चावी दिली. माझ्याकडे बघितलंही नाही. मागच्या सीटवर माझं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि गाडी वर चढेपर्यंत त्यांनी हात माझ्या कपाळावरून काढला नाही. माझं ढोंग त्यांना कळलं होतं की नाही, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

तिथून भाड्याचा ड्रायव्हर करून घरी आलो. माझ्या हृदयाची तपासणी झाली, ते बैलासारखं निघालं. मग मी म्हटलं, मला डोळे दाखवायचेत, सोबत चला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी माझे डोळे दोन मिनिटांत सोडले आणि यांना अंधाऱ्या खोलीत नेलं. काचबिंदू, म्हणाले. गेलेलं परत येत नाही. उरलंय किती, ते बघू.

खोलीत पांढऱ्या वाटीसारखं एक यंत्र. त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, आणि वाटीत कुठंही ठिपक्याएवढा उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले. माझ्या जागेवरून मला थोडे ठिपके दिसत होते.

बटण वाजलं, टक्. टक्. मग थोडं थांबून, टक्.

मग नुसती यंत्राची घरघर. वर एक ठिपका चमकला, कडेला एक, खाली एक. यांचा अंगठा बटणावर तयार होता.

"बाबा, उजेड दिसला की दाबा हं," तपासणारी मुलगी म्हणाली.

"बेटा, तू दिवा तं लाव. मंग दाबसू."

मुलीनं वळून माझ्याकडे बघितलं. यंत्र चालूच होतं.