उसवलेली फुलं

"सध्या हा ब्लॅकआउट पडदाच चालतो," दुकानदार म्हणाला आणि त्या एका शब्दानेच मी थबकले.

एकाहत्तरची लढाई. उजेड बाहेर दिसू नये म्हणून गिरीज गावातल्या आमच्या घरी खिडकीला काळं कापड लावायचं होतं. काका नौदलाच्या बोटीवर होते. काकी ओट्यावर बसून त्या कापडावर लाल फुलं भरत होती.

आजी चिडली, "पडद्याला कसली गो फुलं?"

"लढाई सरली की याचा झंपर शिवीन. ते येतील तेव्हा घालायला."

लढाई सरली. काका आले नाहीत. आमच्यात विधवेने काळंच घालायचं. काकीने फुलं उसवली आणि त्याच कापडाचा झंपर शिवला.

रविवारी चर्चमध्ये तिच्या मागे बसून मी सुईच्या भोकांवरून फुलं ओळखायचे. मला तो खेळ वाटायचा.