पागेच्या भिंतीवरचं सारवण

“अवो बाई, आमचं सारवण कशापायी खरवडताय?”

मी भिंतीपाशी उकिडवी बसले होते, हातात लोखंडी पट्टी. वळून पाहिलं तर ठकूबाई धनगरीण उभी. वेल्ह्याच्या अंगाला डोंगरात तिची वस्ती. आठवडी बाजाराला लोणी घेऊन भोरला यायची आणि रात्री ह्याच पागेत मुक्काम करायची.

“सरकारी काम आहे,” मी म्हणाले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि हे वाक्य मला फार आवडायचं.

“आसंल बाई,” म्हणत ती बाजाराला गेली. एवढ्यावर तरी मी थांबायला हवं होतं. पण थांबणं तेव्हा मला कमीपणाचं वाटे.

मी बांधकामाच्या ऑफिसात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीत काढलेला नकाशा पातळ मेणकापडावर शाईने गिरवणारा माणूस. अक्षर सुंदर हवं, डोकं असलं तरी चालतं. संस्थान विलीन होऊन थोडी वर्षं झाली होती. घोडे केव्हाच गेले होते, पागा तेवढी उरली होती: दगडी भिंती, सागवानी खांब, कौलं. ती बाजाराच्या तोंडाशी. तिथे एसटी स्टँड व्हावं असं गावाला वाटत होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. लोक उन्हापावसात रस्त्यावर उभे राहायचे.

पाहणीचं काम ओव्हरसियरचं. ते आजारी पडले, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. “फक्त मापं आणा,” असं स्पष्ट सांगितलं होतं. मी मापं आणली, शिवाय एक रिपोर्टही लिहिला. मागितला कुणी? कुणीच नाही.

झालं असं. पश्चिमेच्या भिंतीला आतून शेणामातीचं जाड सारवण होतं. आधी मला त्याचा वास आला, मग राग आला. मधला हातभर भाग खरवडला, तर आत बोट जाईल एवढा तडा! मला कोण आनंद झाला. ऑफिसात येऊन मी इंग्रजीत लिहिलं, की तडा चालू आहे, इमारत धोकादायक आहे, ताबडतोब पाडावी. ‘ताबडतोब’खाली लाल शाईची रेघ मारली. चालू तडा म्हणजे रोज थोडा थोडा वाढणारा. तो वाढतोय हे मी कशावरून ठरवलं? कशावरूनच नाही. शब्द परवाच कानावर पडला होता आणि वापरायला मिळत नव्हता.

साहेब कागद वाचून म्हणाले, “धोकादायक असेल तर प्रश्नच मिटला. उद्याच्या टपालाने पुण्याला जाऊ दे.” धोकादायक इमारत पाडायला चर्चा लागत नसे. मी खुशीत बाहेर पडले आणि लक्षात आलं, मापाची टेप पागेतच राहिली.

दिवस मावळायला आला होता. ठकूबाई शेणाचा गोळा घेऊन मी खरवडलेल्या जागी बसली होती.

“आता कशाला सारवता? ही भिंत पडायचीय,” मी म्हणाले.

“कोन म्हंतं?”

“मी म्हणते. तडा बघा केवढा.”

ती हसायला लागली. “ह्यो व्हय? ह्यो माज्या सासूच्या येळंचा हाय. वरती ईज पडली तवा पडला. सासू सारवायची, तिच्यामागं म्या सारवती. दर दिवाळीला एक हात. त्येच्यावर कंदी रेघ उठली न्हाई.”

मग तिनं हलक्या आवाजात विचारलं, “खरंच पाडत्यात व्हय बाई? गावात आमाला शेरडांसंगं कोन वसरीला घेत न्हाई. बाजाराच्या दिशी टेकायचं कुठं?”

मी खरवडलेल्या जागेच्या कडेला वाकले. तिथे सारवणाचे थर दिसत होते, जुन्या वहीची पानं चिकटावीत तसे. खालीवर, जिथे माझी पट्टी पोचली नव्हती, तिथे ते तड्यावरून सलग गेले होते. भिंत जराशी जरी हलली असती, तरी ते तड्याच्या रेषेत फाटले असते.

“ठकूबाई, हात लावू नका! सारवू नका आता.”

“आरं द्येवा! सकाळी सारवलेलं खरवडलं, आता खरवडलेलं सारवू देत न्हाई. सरकारी काम म्हंजे लईच आवगड!”

सकाळी टपालाआधी साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिले. नोकरी जाईल असं वाटत होतं, पण त्याहून जास्त भीती ते हसतील ह्याची होती.

“सर, तो तडा चालू नाही.”

“काल होता.”

“चालू तो फक्त माझ्या रिपोर्टात होता, सर.”

ते हसले नाहीत. टोपी घेतली आणि चालत पागेत आले. चाकूच्या टोकाने एकेक थर सोडवत बसले. ठकूबाई शेरडाला कवटाळून बघत होती.

“कितीदा सारवलं?” साहेबांनी विचारलं.

“मोजलं न्हाई सायेब. लगीन हून आल्यापास्नं.”

साहेब माझ्याकडे वळले. “आपण अशा तड्यावर काचेची पट्टी बसवतो. भिंत हलली की काच फुटते. तिला टेल-टेल म्हणतात. ह्या बाईंनी ती शेणाची बसवली होती. तुम्ही ती काढलीत आणि वर रिपोर्ट केलात.”

नवा रिपोर्ट मला स्वतःच्या अक्षरात लिहावा लागला. पहिलं वाक्य साहेबांनी सांगितलं: ‘माझी आधीची पाहणी चुकीची होती.’ लाल रेघ मारायची परवानगी मिळाली नाही.

भिंत पक्की ठरल्यावर चर्चा करणं भाग पडलं. चर्चेतून निघालं, की बांधलेलं छप्पर आहेच, त्याखालीच प्रवासी बसवावेत. गाड्या वळायला पुढचा ओटा आणि कोरीव खांबांची एक ओळ मात्र गेली. ते खांब वाचवायला मला काही सुचलं नाही, आजही सुचत नाही. पश्चिमेचा कोपरा बाजारकरूंना राहिला.

तड्यावर ऑफिसने रीतसर काच बसवली आणि वर्षभर दर आठवड्याला ती बघून यायची शिक्षा मला मिळाली. दिवाळीनंतर गेले तर काच दिसेना. ठकूबाईने तिच्यासकट भिंत सारवून टाकली होती. मी ओल्या फडक्याने चौकोन पुसला, काच अखंड होती, वहीत ‘बदल नाही’ असं लिहिलं.

पुढे नोकरीत मी खूप रिपोर्ट लिहिले. ‘ताबडतोब’ लिहायची वेळ आली, की आधी चौकशी करायचे, इथे राहतं कोण. बहुतेक वेळा तो शब्द लागायचाच नाही.