बसून बघितल्याशिवाय

माझी वहिनी कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्यावर बसून बघायची. खुर्ची, पलंग एक वेळ समजू शकते मी. पण ही बाई लालबागच्या भांड्यांच्या दुकानात पाण्याचं पिंप उलटं करायला लावून त्यावर बसली होती. दुकानदार "ओ ताई, ओ ताई" करत राहिला. "आमच्या खोलीत पाहुणे आले की बसणार कशावर? ह्याच्यावरच ना?" असं म्हणत तिनं आणखी दाबून बघितलं आणि मग पिंप घेतलं. "बसून बघितल्याशिवाय कळत नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. करी रोडच्या आमच्या चाळीत सगळे तिची नक्कल करायचे आणि त्या नकलेला सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. मला हसू यायचं नाही. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो.

कारण सांगते. बाबा गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. दरवर्षी परळच्या कारखान्यातून गणपतीची लहानशी मूर्ती घ्यायची, पाटावर ठेवून, तोंडावर रुमाल टाकून ती मांडीवर घ्यायची आणि एस.टी.नं गावच्या घरी न्यायची, हा त्यांचा नेम. वाटेत मूर्ती दुसऱ्या कुणाच्या हातात देणं नाही, अगदी माझ्या आईच्याही नाही. निघण्याआधी ते नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. देवाला हाक मारून घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, त्याच्यासाठी काहीतरी मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी शेंडेफळ. त्यामुळे पहिलं नाव माझं असायचं. लहानपणापासून मला ते माझ्या हक्काचं वाटत आलं होतं.

मग संप आला. वहिनी तेव्हा घरात नवी होती. गिरण्या बंद, दादाला बोटीवर नोकरी लागायची होती, आई गेलेली. श्रावणात बाबांनी जाहीर केलं, यंदा गणपती नाही. वहिनी दारात मिरच्या कांडत बसली होती. संप लांबला तसं तिनं आजूबाजूच्या घरांचे मसाले कांडून द्यायचं काम धरलं होतं. हात न थांबवता ती म्हणाली, "बाबा, लहान आणूया. पण आणूया. तुमची मांडी रिकामी बघवायची नाय मला." झालं! त्या वर्षी वीतभर उंचीची मूर्ती आली आणि गाऱ्हाण्यात बाबांनी पहिलं मागणं मागितलं, "ह्या माझ्या सुनेक यश दे रे म्हाराजा!" मी तिथंच उभी होते, बारावीला फर्स्ट क्लास मिळवून! माझं "व्हय म्हाराजा" घशातच राहिलं.

तेव्हापासून पहिलं नाव तिचंच. बाबांसाठी मी स्वेटर आणला की तो कपाटात जायचा. वहिनीनं "घाला हो बाबा, वन्सं एवढ्या हौसेनं घेऊन आल्यात" म्हटलं की अंगावर यायचा. म्हणजे स्वेटर माझा आणि शब्द तिचा! पुढे मी बँकेत लागले, लग्न होऊन दादरला गेले. वहिनीचा मसाला एवढा चालला की तो दुकानांत पोचवायला ती टेम्पो चालवायला शिकली. संप मिटला असं कधी कुणी सांगितलंच नाही. गिरणीच्या जागी टॉवर तेवढे उभे राहिले. बाबा मात्र दर गणपतीला पाट मांडीवर घेऊन एस.टी.त बसतच होते.

एका वर्षी कणकवलीला एस.टी.तून उतरताना त्यांचा पाय चुकला. मूर्तीला खरचटलंही नाही, पण गुडघा गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी सांगून टाकलं, "माका आता जमूचा नाय. गणपती मांडयेर घेवक नाय गावलो, तर गावाक जावन करू काय?" त्या दिवसापासून ते खिडकीशी गप्प बसून राहायला लागले. कुणाशी धड बोलत नव्हते, वहिनीशीसुद्धा. मला काळजी वाटली, आणि खोटं कशाला बोलू, संधीही दिसली. ठरवलं, बाबांसाठी एक चांगली सेकंडहँड एसयूव्ही घ्यायची. दादानं बोटीवरून होकार कळवला. मनात म्हटलं, शैला, ह्या खेपेला पहिलं नाव तुझं.

मी काय कमी खटपट केली? बँकेतल्या मित्राचा ओळखीचा मेकॅनिक गाठला, सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन गाड्या बघत हिंडले. शेवटी एक तांबडी, उंच, दणकट गाडी पसंत केली. इंजिन उत्तम, टायर नवे, घाटात कधी दगा द्यायची नाही. बाबांना तिथं नेलं आणि दार उघडलं. सीट त्यांच्या छातीला लागत होती. मी वरून ओढलं, मेकॅनिकनं खालून ढकललं, तेव्हा कुठे ते आत गेले. उतरताना तर उचलूनच घ्यावं लागलं. आम्ही घरी आलो. चपला काढताना म्हणाले, "गोण होती ती चढवली, गोण होती ती उतरवली." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वहिनीनं चहा दिला आणि विचारलं, "वन्सं, बाबांना आधी बसवून नाय बघितलं?" अस्सा राग आला होता!

पुढच्या रविवारी तीच निघाली. मला म्हणाली, "तुमचा मेकॅनिक आणा हां. इंजिन त्यानं बघायचं, बाबांना मी बघते." काखेत गणपतीचा पाट, हातात तांब्या. दादरच्या एका सोसायटीत एक गृहस्थ आपली जुनी एसयूव्ही विकत होते. रंग शिळ्या वांग्यासारखा. वहिनीनं त्यांना किती किलोमीटर चालली ते विचारलंच नाही. विचारलं काय, तर "तुमच्याकडे म्हातारं माणूस कोण बसायचं ह्यात?" गृहस्थ म्हणाले, "आई बसायची." त्यांनी मधलं दार उघडून दाखवलं. खाली रुंद पायरी, वर धरायला दांडा, सीट बरोबर कमरेच्या उंचीला. आधी वहिनी स्वतः बसली, उठली, परत बसली. मग पाटावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून तिनं पाट बाबांच्या हातात दिला. "बाबा, पाठमोरे व्हा. पायरीवर पाय, मग बसा, मग पाय आत. हात लावायची नाय मी."

बाबा बसले. स्वतःचे स्वतः बसले, पाट दोन्ही हातांत धरून. मग वहिनीनं गाडी चालवत एक फेरी मारली. मी मागे होते. गतिरोधकावर गाडी उडाली आणि तांब्यातलं पाणी बाबांच्या लेंग्यावर सांडलं. माझ्या डोळ्यांदेखत सांडलं! वहिनीनं विचारलं, "सांडलं का हो?" बाबा ओल्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "खय? थेंबभर पण नाय." मी चालवत असते, तर जन्मभर ऐकवलं असतं.

मेकॅनिकनं इंजिन तपासलं, दोन भाग बदलून घ्यायला लावले, एसी चालणार नाही हेही बजावलं. गाडी पुढे कधी वाटेत थांबली नाही ती त्यामुळे. पण नाव कुणाचं झालं? चाळीतले जुने लोक अजून म्हणतात, "सुनेनं गाडी काय बघून घेतलीय!" गणपतीला निघताना बॉनेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. पहिलं नाव कुणाचं, हे मी सांगायला नकोच. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "वन्सं, मेकॅनिक तुमचा होता ते सांगू का बाबांना?" मी म्हटलं, "काही गरज नाही." तिनं गावी पोचेपर्यंत तीनतीनदा ते बाबांना सांगितलं. बाबा "हां, हां" म्हणाले आणि रुमाल सारखा करत बसले.

अशी पुष्कळ वर्षं बाबा त्या गाडीतून गेले. मग एका उन्हाळ्यात वहिनी आजारी पडली आणि दिवाळी काय, गणपतीसुद्धा न बघता गेली. इस्पितळात नव्या कॉटवर हलवलं तेव्हासुद्धा गादी दाबून बघत म्हणाली होती, "ही बरी आहे." दादा दिवसकार्य उरकून बोटीवर परत गेला. बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. मी विचारलं, "बाबा, गाडी मी चालवीन. जायचं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली.

निघायच्या सकाळी मी बॉनेटवर नारळ ठेवला. बाबा पाट घेऊन, पाठमोरे होऊन, तिनं शिकवलं तसे आधीच आत बसले होते. आतूनच त्यांनी गाऱ्हाणं घातलं. माझं मन वेडं, कान टवकारून उभं राहिलं. आता तरी! आता दुसरं आहे कोण?

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "माझी सून फुडे गेली हा. थयसर तिका बसाक बरी जागा गावांदे रे म्हाराजा!"

मेल्यावरसुद्धा पहिला नंबर सोडला नाही बयेनं. खाली आम्हाला निरोप द्यायला जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणाच्याच तोंडून आवाज फुटेना. मग मीच म्हटलं, सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"