मंद वाऱ्याची तार

शर्यतीला उतरण्याआधी बायको आमच्या शिडाच्या बोटीची तार बोटाने छेडून पाहत होती. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या या तारा तंबोऱ्यासारख्याच लावाव्या लागतात. ती गाते, म्हणून हे काम तिचं.

"चढी लागलीय. आज वारा मंद आहे, जरा उतरवा," ती म्हणाली.

पाना माझ्या हातात होता. "सैल तारांनी कुणी शर्यत जिंकतं का?"

"आणि अहो, आज माझ्यावर ओरडलात ना, तर उडी मारून पोहत काठाला जाईन. पुन्हा या बोटीत बसणार नाही." ती हसत नव्हती.

जोराच्या वाऱ्यात तारा ताणून शीड सपाट करतात. मंद वाऱ्यात त्या उतरवल्या की शिडाला थोडं पोट येतं आणि दुबळी झुळूकही त्यात मावते. ताणलेल्या शिडावरून ती नुसती निसटून जाते. बोटीच्या बाबतीत हे मला ठाऊक होतं. घरात मात्र मी बारा महिने ताणलेला. हळू आवाजात सांगितलेलं किती काही माझ्यावरून निसटून गेलं असेल, ते आता मोजताही येणार नाही.

मी तारा उतरवल्या.

तळ्याच्या मध्यावर वारा पडला. दोन बोटी आमच्या पुढे गेल्या आणि ओरडणं माझ्या घशापर्यंत आलं. तेवढ्यात ती पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

ती दचकून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा सांगितलं.