विलायतेत न धरलेली सुरी

माझ्याविषयी कोल्हापुरात एक गोष्ट सांगितली जाते. मी तरुणपणी दरबारच्या शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलो, तिथल्या विद्यापीठात कातडी कमावण्याचं शास्त्र शिकू लागलो, आणि ऐन महत्त्वाच्या वेळी तिथल्या गोऱ्या प्राध्यापकाने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. धंद्याचं गुपित काळ्या माणसाला कळू नये म्हणून. ही गोष्ट सुरुवातीला मीच सांगितली. शाळेच्या संमेलनांत सांगितली, गणेशोत्सवात सांगितली. आता ती माझ्यावाचूनही चालते. मागे एका सत्कारात एका तरुण वक्त्याने ती माझ्यासमोर सांगितली आणि प्राध्यापकाने मला दंडाला धरून बाहेर काढलं, अशी भर घातली. मी उठलो आणि म्हणालो, असं काही झालं नव्हतं, ते गृहस्थ सभ्य होते, दोष माझा होता. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "बघा, केवढं मोठं मन." टाळ्या झाल्या. मी खाली बसलो. हार तसाच गळ्यात.

खरं बोलायला उभं राहावं आणि लोकांनी त्याचाही हार करून गळ्यात घालावा, यासारखा वैताग नाही. म्हणून लिहितो आहे. कागदाला टाळ्या वाजवता येत नाहीत.

आमचं घर शिरोळकडचं, शेतकऱ्याचं. महाराजांच्या राज्यात आमच्यासारख्यांना शाळेचं दार उघडलं. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलो. पंगतीत आम्हाला वेगळं बसवतात म्हणून आम्ही पोरं तावातावाने भांडत असू. आम्हाला कोणी खालचं समजू नये, हे आम्ही लवकर शिकलो. आमच्या खाली कोणी आहे असं समजू नये, हा धडा त्याच राज्यात दिला जात होता, पण तो आमच्या कानांवरून गेला.

पदवी मिळाल्यावर दरबारातल्या एका अधिकाऱ्यांनी बोलावलं. संस्थानात कातडं भरपूर, मलकापूरच्या बाजूच्या जंगलात ते कमवायला लागणारा हिरडा भरपूर, पण पक्कं बुटाचं चामडं बाहेरून येतं. तुमचं रसायन चांगलं आहे, जाऊन शिकून या आणि इथे कारखाना उभा करा, असं ते म्हणाले. विलायतेला जायचं म्हणून मी लगेच हो म्हणालो. घरी मात्र कातड्याचा शब्द काढला नाही. रसायन शिकायला चाललोय, एवढंच सांगितलं. गावाने त्याचा अर्थ डाक्टरी असा केला आणि मी निघण्याआधीच लोक मला तापकरी पोरं दाखवायला आणू लागले.

जाण्यापूर्वी त्या अधिकाऱ्यांनी मला गावाबाहेरच्या ओढ्यावर नेलं. तिथे कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती. माझ्याच वयाच्या एका तरुणाला माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. कारखाना झाला तर काम तोच करणार होता. चुन्याची कुंडं, कातडंच पिशवीसारखं शिवून झाडाला टांगलेली पखाल, तिच्यात भरलेला बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा लाल काढा, सगळं त्याने दाखवलं. मी अंतर ठेवून, रुमाल नाकाला लावून बघितलं. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नसावं. निघताना तो म्हणाला, "पावणं, आमचं कातडं पावसात भिजलं की लगदा हुतंय. सायबाच्या बुटाचं हुत न्हाई. ते कसं करत्यात, तेवढं बगून या की."

बघून येतो, म्हणालो.

विलायतेतलं ते शहर गिरण्यांचं होतं. दुपारीच दिवे लागत. विभागाची इमारत लाल विटांची, पुढे वर्ग आणि प्रयोगशाळा, मागच्या अंगणात एक छोटा कारखाना. प्राध्यापक ठेंगणे, दाढीवाले, आणि त्यांच्या हाताची नखं तपकिरी. कमावणाऱ्याची नखं तशी होतात. ओढ्यावरच्या त्या तरुणाचीही तशीच होती. हे मला पहिल्या भेटीतच दिसलं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं.

त्यांनी मला मोठ्या आनंदाने कोठीत नेलं आणि पोत्यांची थप्पी दाखवली. हिरडा. "हा तुमच्या देशातून येतो," ते म्हणाले. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. एवढ्या लांब, धुक्यात आणि कोळशाच्या धुरात, मलकापूरच्या रस्त्यावरच्या हिरड्याच्या गाड्यांचा तो तुरट वास आला आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. प्राध्यापक बघत होते. त्यांना वाटलं असणार, या मुलाला हात घालायची भीती नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा नव्या विद्यार्थ्यांना मागच्या कारखान्यात नेलं. अर्धगोल लाकडी ओंडका तिरपा उभा केलेला. त्यावर चुन्यातून काढलेलं ओलं कातडं पसरलेलं. ओंडक्यावर वाकायचं आणि दोन मुठींच्या सुरीने कातड्याला चिकटलेलं मांस नि चरबी खरवडून काढायची. प्राध्यापकांनी कोट काढला, बाह्या सारल्या, स्वतः खरवडून दाखवलं आणि सुरी माझ्यापुढे धरली. मी सर्वांत लांबून आलेला, म्हणून पहिला मान मला.

मी हात मागे घेतले. इंग्रजीत, अगदी अदबीने म्हणालो की आमच्याकडे हे काम दुसरी माणसं करतात, मला फक्त यामागचं शास्त्र हवं आहे.

ते रागावले नाहीत. सुरी तशीच पुढे धरून त्यांनी विचारलं, "मग ती दुसरी माणसं का नाही आली?"

मी ओंडक्यापासून आणखी एक पाऊल मागे सरलो. त्यांनी सुरी शेजारच्या मुलाच्या हातात दिली. तो त्याच शहरातल्या एका चामडेवाल्याचा मुलगा होता. त्याने काहीच विशेष न घडल्यासारखी ती घेतली.

त्या विभागाची रीत अशी होती की ज्याने सुरुवातीपासून प्रत्येक काम हाताने केलं, त्यालाच पुढे क्रोमच्या खोलीत जागा. क्रोम म्हणजे एक क्षार. त्यात कमावलेलं चामडं पाण्याला दाद देत नाही. ओढ्यावरच्या तरुणाने मला जे विचारलं होतं ते त्या खोलीत होतं. जागा मोजक्याच. माझी गेली. प्राध्यापकांनी मला ग्रंथालयाची किल्ली दिली आणि म्हणाले की शास्त्र सगळं तिथे आहे, हवं तितकं वाचा.

मी वाचलं. किती वाचलं म्हणून सांगू. बोटं गारठायची, ती काखेत धरून वाचलं. संध्याकाळी खोलीवर आलो की अंगाला विभागाचा वास लागला असेल म्हणून आंघोळ करायचो. घरमालकीणबाई चिडायची. तिच्याकडे पाणी शनिवारीच तापे. मी गार पाण्याने आंघोळ करून कुडकुडत बसायचो आणि मनात साऱ्या इंग्रजांना शिव्या द्यायचो. ज्या कातड्याला मी स्पर्शही केला नव्हता, त्याचा विटाळ मी रोज धूत होतो.

क्रोमच्या खोलीच्या दाराला काच होती. मी येता-जाता तिथे रेंगाळे. एकदा त्या चामडेवाल्याच्या मुलाने निळसर चामड्याचा एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकला आणि चिमट्याने वर काढला. तुकडा जसाच्या तसा. आक्रसला नाही, वळला नाही. मुलगा हसला, प्राध्यापकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी काचेबाहेर. मला काय पाहिजे ते समोर होतं, आणि कसं झालं त्यातलं काही कळत नव्हतं. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की हे लोक मला शिकवत नाहीत, कारण मी काळा आहे. हे मनाशी पक्कं झाल्यावर मला जेवण गेलं, हे आठवतं.

या समजुतीला टेकू मिळायलाही वेळ लागला नाही. शहरातल्या दोन-तीन कारखान्यांच्या फाटकांवर गेलो, तर तिथून मला खरोखरच हाकललं. तिथे रंगही आडवा आला असेल, धंदाही आला असेल. ते खोटं नाही. पण कारखान्याचं फाटक वेगळं आणि विद्यापीठाचा तो लाकडी ओंडका वेगळा. मी पुढे दोन्ही एकत्र करून सांगितलं.

नाताळानंतर मी प्राध्यापकांकडे गेलो आणि क्रोमच्या खोलीत नुसतं उभं राहू द्या म्हणून विनवलं. ते म्हणाले, नुसतं उभं राहणाऱ्याला तिथे काही दिसत नाही. पुढच्या वर्षी या, पण सुरीपासून सुरुवात करा. शिष्यवृत्ती तोवर पुरणार नव्हती. मी तेच कारण सांगितलं. पुरली असती तर मी सुरी धरली असती का, हे मी स्वतःला बऱ्याच वर्षांनी विचारलं. नसती धरली.

कोल्हापुरात परत आलो तेव्हा ओढ्यावर दरबारने पत्र्याची शेड बांधून दिली होती. त्या तरुणाने, आता तो दोन मुलांचा बाप होता, वस्तीतल्या घराघरांतून चांगली कातडी गोळा केली होती. पावसाळ्याआधी न भिजणारं चामडं देतो, असा शब्द त्याने चांभारांना देऊन ठेवला होता. माझ्या भरवशावर. मी हातात काठी घेऊन, पुस्तकातलं वाचत, लांबून सांगत होतो. त्याने विचारलं, "किती येळ ठिवायचं ह्यात?" मी पुस्तकातलं सांगितलं. तो म्हणाला, "तुमी तिथं बगितलंय न्हवं?"

"बघितलंय," मी म्हणालो. काचेतून, हे म्हणालो नाही.

कातडी निळी-हिरवी झाली आणि वाळल्यावर फळीसारखी कडक. दुमडली की तडकायची. अधिकारी बघायला आले, त्यांच्यासमोर मी एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. तो तळलेल्या पापडासारखा आक्रसून वळला. सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या तरुणाच्या वस्तीतली माणसं मागे उभी होती, ज्यांची कातडी गेली ती. अधिकाऱ्यांनी विचारलं, असं का?

मी म्हणालो, "शेवटची कृती त्या प्राध्यापकाने मला दाखवली नाही. दार लावून घेतलं."

इतकं सोपं होतं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. आणि तो, ज्याचा शब्द चांभारांत पडला होता, तो मलाच धीर देत म्हणाला, "त्येंचं पोट हाय त्यावर. दावतील कशाला."

शेड पुढे वैरण ठेवायला गेली. मला शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी लागली. ती मी चांगली केली, एवढं म्हणतो. आणि दर वर्षी कोणी ना कोणी मला विलायतेची गोष्ट सांगायला बोलवत राहिलं.

त्या सत्कारानंतर मी हार घरी टाकला आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेलो. तिथल्या त्या कातडं कमावणाऱ्याला खरं सांगायचं, आणि मग छापायचं, असं ठरवून गेलो. तो अजून काम करत होता. झाडाला पखाल टांगलेली, खाली लाल पाणी ठिबकत होतं. केस पांढरे, पाठ वाकलेली. पूर्वी मी त्याला अरे-तुरे करत असे. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणालो, तर तो दचकला आणि "कोन वारलं काय?" म्हणाला.

मी सगळं सांगितलं. प्राध्यापक, सुरी, मागे घेतलेले हात, ग्रंथालयाची किल्ली. तो ऐकत होता आणि सुरीने कातडं खरवडत होता. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "वास सोसला न्हाई व्हय?"

मी शेतकऱ्याचा मुलगा. शेणखताच्या खड्ड्यात उतरून वाढलेला. हो म्हणालो असतो तर त्याने मानलं असतं, निदान तसं दाखवलं असतं.

"वासाचं नव्हतं," मी म्हणालो.

त्याने सुरी खाली ठेवली. पुढे तो जे बोलला ते जसंच्या तसं देतो. "नातवंडास्नी म्या सांगितलंय, सायब आपल्या धंद्याला भ्यालता, म्हनून त्यानं दडिवलं. पोरं ताठ व्हऊन ऐकत्यात. आता काय सांगू त्यास्नी? आपल्याच गावचा मानूस आपल्या कामाला शिवला न्हाई म्हनून? ते त्यास्नी ठावं हाय की. रोज बगत्यात. त्येला इलायत कशाला पायजे?"

मी विचारलं, मग लिहू नको का?

"तुमचं तुमी बगा. तुमास्नी हलकं वाटंल." आणि तो पुन्हा कातड्यावर वाकला.

मला काय सुचलं कोण जाणे. पुढे झालो आणि म्हणालो, सुरी द्या, मला एकदा धरू द्या. त्याने वर बघितलं. राग नव्हता त्यात, कामात खोळंबा करणाऱ्याकडे बघावं तसं बघणं होतं.

"नगा," तो म्हणाला. "हातात जोर न्हाई आता तुमच्या. कातडं फाडशीला."

मी परत आलो. लिहायला बसलो, फाडलं, पुन्हा बसलो. त्याने म्हटल्याप्रमाणे हलकं वाटेल अशी आशा होती, ते काही झालं नाही. प्राध्यापकांवरचा आळ मी इथे काढून घेतो. ते केव्हाच गेले असतील. ओढ्यावरच्या त्याच्या नातवंडांच्या हातून जी गोष्ट काढून घेतो आहे, तिच्या बदल्यात त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही. म्हणून त्यांच्यासाठी एवढंच लिहून ठेवतो. न भिजणारं चामडं कसं करतात ते शिकायला तुमच्या आज्याला पाठवायला हवं होतं. तिथल्या प्राध्यापकाने पहिल्याच आठवड्यात त्याची चौकशी केली होती, ती माणसं का नाही आली म्हणून.