बोलावणाऱ्याला शिक्षा नाही

माझी वहिनी शाळेत नर्स आहे. पूर्वी तिचं काम म्हणजे खरचटलेले गुडघे आणि परीक्षेच्या सकाळी हमखास उठणारी पोटदुखी. आता तिच्या एप्रनच्या खिशात नाकात मारायचा एक फवारा असतो. पोरं कुठून तरी अफूच्या जातीच्या गोळ्या आणतात, अर्धी अर्धी वाटून घेतात आणि एखाद्याचा श्वासच मंदावत जातो. फवारा श्वास परत आणतो, पण वेळेत कुणी बोलावलं तर.

म्हणून ती वर्गावर्गांत जाऊन घसा कोरडा करायची. "मैत्रीण हलवूनही उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, विचित्र घोरत असेल, तर झोपलीये म्हणून सोडू नका. मला बोलवा. बोलावणाऱ्याला शिक्षा नाही, हा माझा शब्द." शेजारी हेडसर मान डोलवायचे. मान डोलवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत नववीतली टाचणी धापा टाकत आली. अंगानं तशीच, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. तिची मैत्रीण स्वच्छतागृहात पडली होती. वहिनी धावली. फवारा मारला, तोंडाने श्वास देत राहिली, काही होईना तेव्हा दुसरा मारला. मुलीने डोळे उघडले, वहिनीच्या अंगावर ओकली आणि "सोडा मला" म्हणून ओरडली. अँब्युलन्स येईपर्यंत वहिनी तिला धरून फरशीवर बसून होती. मुलगी वाचली.

मग हेडसरांनी टाचणीचं दप्तर उघडायला लावलं. तळाशी उरलेली अर्धी गोळी निघाली. तिला शाळेतून काढलं.

वहिनी केबिनमध्ये गेली. "सर, ती गुपचूप वर्गात जाऊन बसली असती तर तिचं काही बिघडलं नसतं. दुसरी मात्र मेली असती. मी शब्द दिला होता."

"शिक्षा बोलावल्याबद्दल नाही सिस्टर, गोळीबद्दल आहे. पालकांना काय तोंड दाखवू?"

ती पुन्हा गेली. मग संस्थेच्या लोकांकडे गेली. सगळ्यांनी तिचं तोंडभर कौतुक केलं आणि टाचणीचं नाव निघताच घड्याळाकडे पाहिलं.

माझं डोकंच फिरलं. "राजीनामा तोंडावर फेकायचास ना!"

"आणि फवारा कोण मारणार? तुम्ही येताय का, वन्सं?" चिडली की ती मला वन्सं म्हणते. मग न जेवताच भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला वर्गात ती 'बोलावणाऱ्याला' एवढं म्हणून थांबली. एका मुलीने विचारलं, "सिस्टर, टाचणी कुठेय?" आगाऊपणा नव्हता त्यात, पोरगी खरंच विचारत होती.

"घरी. तिला काढलं. मी शब्द पाळू शकले नाही."

"मग आम्ही बोलवायचं?"

"हो. तरीही बोलवा," वहिनी म्हणाली. वर्गात कुणी मान वर केली नाही.

त्यानंतर तिला कुणीच बोलावलेलं नाही. गोळ्या थांबल्या म्हणावं, तर कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या पुड्या सापडतातच. म्हणून हल्ली मधल्या सुट्टीत ती पाय ओढत सगळे मजले चढते आणि मुलामुलींच्या स्वच्छतागृहांतलं बंद दिसेल ते प्रत्येक दार ठोठावते. "बरं आहे ना रे? बरी आहेस ना गं?" आतून कुणी हसतं, कुणी वैतागतं. आवाज आल्याशिवाय ती पुढच्या दाराकडे जात नाही.